‘कमी’ म्हणजे किती

बारामतीत मी पदार्थविज्ञान शिकवते त्याला आता वीसेक वर्षं झाली. मागे वळून पाहिलं की ही वर्षं सुटी सुटी दिसत नाहीत, सगळी मिळून एकच सकाळ दिसते. हिवाळ्यातली, रविवारची. कालव्यावर धुकं तरंगतंय, साखर कारखान्याचं गाळप सुरू झाल्यामुळे हवेत मळीचा आंबूसगोड वास आहे आणि माझ्या व्हरांड्यात अनोळखी चपला निघालेल्या आहेत. आत कुणाचे तरी आईवडील बसलेत. मांडीवर प्लास्टिकची फाईल. फाईलमध्ये मुलाचे किंवा मुलीचे दहावीपासूनचे गुण, सराव परीक्षांचे निकाल, दाखले. चहा होतो. मग वडील घसा खाकरतात आणि विचारतात, “मॅडम, ह्याचं काय व्हईल?”

मी सांगायची. कुणी नेमलं नव्हतं मला त्या कामाला. सुरुवातीच्या एका वर्षी दोन-तीन मुलांबद्दल मी सहज बोलून गेले आणि ते तसंच घडलं. मग बोलबाला झाला. इंदापूर, लासुर्णे, कळंब, कुठून कुठून लोक यायला लागले. बहुतेकांना डॉक्टरी किंवा इंजिनिअरिंग हवं असायचं. पण दरवर्षी एखाद-दुसरं पोर असं निघायचं की त्याला नुसतं विज्ञान शिकायचं असायचं. त्याला कुठून तरी कळलेलं असायचं की फक्त विज्ञान आणि संशोधन शिकवणाऱ्या मोजक्या संस्था देशात आहेत, एक तर आपल्या पुण्यातच आहे. जागा थोड्या, आणि परीक्षेला अख्ख्या देशातली पोरं.

माझी पद्धत सोपी होती. मागच्या वर्षी शेवटचा क्रमांक कुठवर गेला ते मी बघायची, पोराचे सराव परीक्षांचे गुण बघायची आणि तीनपैकी एक उत्तर द्यायची. ‘होईल’, ‘काठावर आहे’ किंवा ‘शक्यता कमी आहे’. पोरगं गेलं की डायरीत लिहून ठेवायची. निकाल लागले की पुढे बरोबरची खूण करायची. ती खूण करताना मला बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोलू.

ती मुलगी आली ती अशाच एका रविवारी. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची. सोबत आई होती, गावात आशा सेविकेचं काम करणारी. दुपारी घरभेटी होत्या म्हणून गणवेशाची साडी नेसूनच आलेली. मुलगी बारावीत, कॉलेज इंदापूरचं, त्यामुळे माझ्या वर्गातली नव्हती. सडपातळ, कपाळावर आलेले केस मागे न सारणारी. माझ्याकडे न बघता ती भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर पडलेला उन्हाचा कवडसा बघत होती.

मी फाईल चाळली. दहावीचे गुण चांगले. सराव परीक्षांचे गुण मात्र विचित्र होते. जेवढे प्रश्न सोडवलेले तेवढे जवळजवळ सगळे बरोबर, पण निम्मा पेपर कोरा. पाची पेपर तसेच.

“वेळ पुरत नाही का?” मी विचारलं.

“पुरतो. पण मला येक प्रश्न झाल्याबिगर दुसऱ्यावर जाता येत न्हाय.”

मी मागच्या वर्षीचे आकडे पाहिले आणि फाईल मिटली. “ताई,” मी आईला म्हणाले, “मुलगी हुशार आहे. पण या संस्थांमध्ये शक्यता कमी आहे. दुसरीकडचे फॉर्म भरून ठेवा.”

आईनं मान हलवली. अपेक्षाच होती जणू. ती फाईल उचलायला वाकली, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “मॅडम, कमी म्हणजे किती?”

“कमी म्हणजे कमी गं.”

“तसं न्हाय. तुमचा अंदाज मागं कितीदा चुकलाय?”

“फारसा नाही.”

“ज्यांना ‘होईल’ म्हणालात त्यांचं झालं?”

“बहुतेकांचं झालं.”

“आन् ज्यांना ‘कमी’ म्हणालात?”

“त्यांचं नाही झालं.”

मग खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, “त्यांनी फॉर्म भरला होता का?”

आई तिच्यावर डाफरली, “आगं गप की! मॅडमला काय वकिलासारखी उलटतपासणी लावलीयास. उठ, यष्टी जाईल.” दोघी उठल्या. चपला घालताना आई मला म्हणाली, “राग मानू नगा मॅडम. हिचं आसंच हाय. पोळी करताना सुदिक इचारती, फुगतीच का म्हणून.”

त्या गेल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. धुकं विरलं होतं, रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या आणि त्यांच्या घुंगरांचा आवाज येऊन येऊन लांब जात होता. मग मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरच्या डायऱ्या काढल्या.

दुपारभर मी वाचत बसले. ‘होईल’ पुढे खुणा होत्या. ‘कमी’ पुढेही होत्या, पण आता एकेक चेहरा आठवून बघितला तेव्हा लक्षात आलं की यातल्या जवळजवळ कुणीच तो फॉर्म भरला नव्हता. मी नाही म्हणाले आणि ते गेले. फॉर्म भरला नाही म्हणून त्यांचं झालं नाही, आणि झालं नाही म्हणून मी बरोबरची खूण केली. इतकी वर्षं वर्गात प्रयोगातल्या चुका शिकवणारी मी. बारावीच्या पोरीनं पाच मिनिटांत जे पाहिलं ते मला दिसलं नव्हतं.

एका पानावर मी थबकले. कळंबच्या एका मुलाची नोंद होती, बारा-तेरा वर्षांपूर्वीची. ‘प्रश्न फार चांगले विचारतो. शक्यता कमी.’ दोन्ही वाक्यं माझ्याच अक्षरातली, एकाखाली एक, मध्ये काहीच नाही.

पुढच्या रविवारी मी व्हरांड्याच्या दाराला कडी घातली आणि कळंबला जाणारी एसटी पकडली. त्या मुलाचा ठावठिकाणा विचारायला फार फिरावं लागलं नाही. रस्त्याच्या कडेला, खतांच्या दुकानाला लागून त्याची माती-पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा होती. आत सुकत घातलेल्या मातीचा वास होता. ओळीनं कागदी पुड्या, प्रत्येकीवर गावाचं नाव, गट नंबर. काचेच्या नळ्यांमधून गुलाबी पाणी थेंब थेंब उतरत होतं. तो आता तिशीतला, पोट थोडं सुटलेला. मला बघून गडबडीनं उभा राहिला आणि हात पुसायला फडकं शोधू लागला.

“मॅडम! हिकडं कशा?”

मी सरळच सांगितलं. म्हटलं, तुला मी एकदा नको म्हणाले होते, आठवतं का?

“आठवतं की.” त्यानं मला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर टेकला. “शेतकीला गेलो मग मी. बरं झालं माझं. लोक येत्यात, विचारत्यात, मी सांगतो. वाईट काय न्हाय.”

“फॉर्म भरला असतास तर?”

तो हसला. नळीतून एक थेंब पडला, मग दुसरा. “निम्मा भरलेला होता, मॅडम. फोटो चिकटवला होता. तुमच्याकडनं आलो आन् ठेवून दिला.” मग नळीची चावी फिरवत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “शेतकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा पुण्याला गेलो होतो. त्या संस्थेच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. आत झाडं होती. पोरं सायकलीवरनं चालली होती, कुणाच्या पाठीवर दप्तर, कुणी नुसतंच. गेटवरच्या माणसानं विचारलं, कुणाला भेटायचंय? मला सांगता आलं न्हाय. परत आलो.”

“माझं चुकलं रे,” मी म्हणाले.

“न्हाय, तसं न्हाय. माझं झालंच नसतं कदाचित. मला तेच तर कळलं न्हाय ना. नापास झालो असतो तर नापास म्हणून विसरून गेलो असतो.” मग त्यानं विषय बदलला. माझ्यासाठी चहा सांगितला, मातीत मीठ कसं वाढत चाललंय ते दाखवलं. पांढरी बुरशी धरल्यासारखी ती माती त्यानं चिमटीत घेऊन माझ्या तळहातावर ठेवली. निघताना मी हात धुतला नाही. गाडीत बसल्यावर बोटं एकमेकांवर घासत राहिले.

वाटेत लासुर्ण्याला उतरले. माझं माहेर तिथलं. माझे वडील आयुष्यभर उभ्या उसाचा अंदाज सांगायचे. फडात शिरायचे, दोन-चार ऊस हातानं हलवून बघायचे आणि एकरी किती टन निघेल ते सांगायचे. लोक त्यांना मुद्दाम बोलावून न्यायचे. आता गुडघ्यांमुळे ओसरीवरच असतात. मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, “आबा, तुमचा अंदाज चुकला हे तुम्हाला कसं कळायचं?”

“काटा सांगायचा की. ऊस तुटला, गाडी काट्यावर चढली, की झालं.”

“आणि एखाद्यानं तुमचं ऐकून ऊस तोडलाच नाही तर?”

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत हल्ली निळसर झाक आलीय, त्यामुळे ते बघतात तेव्हा माझ्या थोडं पलीकडे बघतात असं वाटतं. “येडी का काय तू?” ते म्हणाले. “ऊस तोडायचा का न्हाय ते मालकानं ठरवायचं. मी टनेज सांगायचो. तोडू नको असं मी कुणाला कधी म्हणलो न्हाय.”

दोन दिवसांनी मी वरकुट्याला फोन लावला. आई म्हणाली, या की, सकाळी लवकर या, पोरगी डेअरीवर असती. त्या आठवड्यात कसलीशी सुट्टी आली. मी पहिली गाडी धरली.

मुलीचे वडील गावातलं दूध संकलन केंद्र चालवत होते. एक पत्र्याची खोली, समोर सिमेंटचा कट्टा. मी पोचले तेव्हा नुकतं उजाडत होतं. केळीच्या पानांवरून दव टपकत होतं. मोटारसायकलींवर किटल्या लावून माणसं धुक्यातून एकेक करून उगवत होती आणि किटलीचं झाकण उघडलं की दुधाची वाफ त्या धुक्यात मिसळून जात होती. वीज नव्हती, त्यामुळे दूध तपासायचं यंत्र बंद. मुलगी कट्ट्यावर बसून काचेच्या नळकांड्यात दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर सोडत होती. तो दुधात डुलायचा, हळूहळू स्थिर व्हायचा. ती आधी थर्मामीटर बघायची, मग लॅक्टोमीटर, मग भिंतीकडे. भिंतीवर वहीचं एक पान चिकटवलेलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. त्यावर हातानं आखलेला तक्ता.

“हे कुणी केलं?” मी वडिलांना विचारलं.

ते मितभाषी गृहस्थ होते. “तिनंच. आठवीत असताना.”

उरलेलं आईनं सांगितलं. ती मला चहा द्यायला आली होती. उन्हाळ्यात संध्याकाळच्या दुधाचा आकडा कमी यायचा. केंद्रावर भांडणं व्हायची. तू पाणी घातलंस, मी घातलं नाही. एका म्हाताऱ्या बाईवर असाच आळ आला. एकच गाय होती तिची. ती कट्ट्यावर बसून रडली. “तवा ही पोरगी घरी आली,” आई म्हणाली, “आन् आमच्याच म्हशीचं दूध घिऊन बसली. माठात ठेवायची, उन्हात ठेवायची, दर थोड्या येळानं मोजायची. चार दिस घरात चा झाला न्हाय, बघा. मग म्हणली, दूध गरम आसलं की काटा खाली जातोय, पाणी न घालताच. तवापासनं हे आधी गरम-थंड बघत्यात. भांडणं थांबली.”

ती म्हातारी त्या सकाळीही आली होती. तिची किटली लहान होती. मुलीनं तिचं दूध मोजलं, तक्ता पाहिला, आकडा सांगितला, आणि म्हातारीनं मान डोलावली.

माणसं पांगल्यावर मुलगी माझ्याजवळ आली. हात धुतलेले, तरी दुधाचा वास होताच. “मॅडम, येक विचारू? ताजं दूध मी थंड केलं आन् परत तेवढंच गरम केलं. रीडिंग पहिल्याइतकंच यायला पाहिजे ना? येत न्हाय. जरा जास्तच येतं. का?”

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर निराशा दिसेल असं वाटलं होतं. उलट ती खूश झाली.

कट्ट्यावरच बसून मी तिला नव्यानं सांगितलं. ‘कमी’ हा शब्द वापरला नाही. तुझे गुण आज एवढे आहेत. मागच्या वर्षी शेवटच्या मुलाचे साधारण एवढे होते, दरवर्षी थोडे वरखाली होतात. मध्ये एवढं अंतर आहे. त्यातलं बरंचसं अंतर तुला येत नाही म्हणून नाही, तू पुढच्या पानावर जात नाहीस म्हणून आहे. अंतर तुटेल की नाही मला माहीत नाही. मला विचारशील तर नाही तुटण्याच्या बाजूला माझा कौल जास्त आहे. पण फॉर्म भरायचा की नाही ते तू ठरव.

“भरणार,” ती म्हणाली. आईकडे बघितलंसुद्धा नाही.

मग ती दर रविवारी बारामतीला येऊ लागली. माझ्या व्हरांड्यात बसून आम्ही एकच गोष्ट शिकत होतो, प्रश्न सोडून द्यायला. मी घड्याळ लावायची आणि ‘पुढे’ म्हणायची. ती पेन उचलायची, डोळे मात्र मागच्या प्रश्नावरच. कधी कधी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. “हे आर्ध्यावर टाकून कसं जायचं?” एकदा ती खरंच रागावली. मी म्हटलं, टाकून नाही द्यायचं, घरी जाताना सोबत न्यायचं. एसटीत सोडव. तेव्हापासून ती सोडून दिलेले प्रश्न तळहातावर पेनानं लिहून न्यायला लागली. पुढच्या रविवारी तळहात पुसलेला असायचा आणि उत्तरं वहीत.

ते दिवस मला आजही स्वप्नातल्यासारखे आठवतात. कालव्याला पाणी सुटलेलं, खिडकीतून येणारा त्याचा सुसाट्याचा आवाज, आणि वहीवर झुकलेलं ते डोकं. फेब्रुवारी गेला, उन्हं तापली, मळीचा वास हवेतून निघून गेला. कोरी पानं कमी होत गेली. पूर्ण गेली नाहीत.

परीक्षा झाली. निकाल लागला. तिचा क्रमांक मागच्या वर्षीच्या शेवटच्या क्रमांकाच्या थोडा मागे होता. इतका थोडा, की झोप लागू नये. प्रवेशाच्या याद्या लागायला लागल्या. पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येक यादीला शेवटचा क्रमांक तिच्याकडे सरकत होता. मी वर्गातून बाहेर आले की आधी फोन बघायची. शेवटची यादी लागली आणि क्रमांक थांबला. तिच्या अलीकडेच.

तिनं फोन केला नाही. स्वतः आली, एकटी. आभाळ भरून आलेलं होतं, दुपार असून खोलीत अंधारलं होतं. ती व्हरांड्यातच उभी राहिली.

“मॅडम, तुमचा अंदाज बरोबर आला.”

मी तिला आत घेतलं. मलाच रडू आलं. ती माझ्याकडे थोड्या कुतूहलानं बघत राहिली, मग तिनंच माठातलं पाणी आणून दिलं.

“तुला वाईट नाही वाटलं?”

“वाटलं. दोन दिस जेवले न्हाय. आई म्हणली, मॅडमनी नसतं डोक्यात भरवलं तर बरं झालं आसतं.” तिनं ते जसंच्या तसं सांगितलं, लपवलं नाही. “मग मी तिला म्हणलं, आता मला आकडा तरी माहीत हाय. कितीनं गेलं ते माहीत हाय.”

वर्ष फुकट घालवून पुन्हा तीच परीक्षा द्यायची की नाही, यावर आम्ही बराच वेळ बोललो. या खेपेला मी अंदाज सांगितला नाही, तिनंही विचारला नाही. तिनं बारामतीत आमच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. भौतिकशास्त्र. वरकुट्याहून रोज अप-डाऊन. सकाळी डेअरी, मग एसटी, मग कॉलेज. तिच्या आईनं त्यानंतर माझ्याशी बोलणंच टाकलं. बारामतीच्या स्टँडवर एकदा समोरासमोर आलो तर तिनं पदर सारखा केला आणि लहान बाळाच्या लसीची नोंद बघत असल्यासारखी हातातल्या वहीत डोकं घातलं. मी तिला दोष दिला नाही.

तीन वर्षं अशीच वाहून गेली. मुलगी मला कॉरिडॉरमध्ये दिसायची, कधी प्रयोगशाळेत एकटीच बसलेली, कधी दारात उभं राहून “मॅडम, येक विचारू?” म्हणणारी. तिच्या प्रश्नांना आता मला निम्म्याहून जास्त वेळा ‘बघून सांगते’ म्हणावं लागायचं. डायरी लिहिणं मी बंद केलं होतं. लोक अजूनही यायचे. मी त्यांना आकडे दाखवायची, अंतर दाखवायची आणि चहा द्यायची. काहीजण नाराज होऊन जायचे. त्यांना शब्द हवा असायचा.

आणि मग एका मे महिन्यात, ऐन उन्हात, व्हरांड्यात दोन जोड चपला निघाल्या. आई आणि मुलगी. आईच्या हातात पेढ्यांचा पुडा. मुलगी घामानं निथळत होती आणि हसत होती.

“मॅडम, पुण्याचं झालं.”

“कशाचं?”

पदवीनंतर त्याच संस्थेत संशोधनासाठी प्रवेश देणारी परीक्षा तिनं दिली होती. मुलाखतीलाही जाऊन आली होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

“अगं, मला सांगायचं तरी!”

“तुम्ही अंदाज सांगितला आसता,” ती म्हणाली आणि खळखळून हसली. मुलाखतीत काय विचारलं म्हटलं, तर म्हणाली, “तीनदा ‘येत न्हाय’ म्हणले. तिसऱ्या वेळेस त्यांनीच खडू दिला आन् म्हणाले, बघ जमतंय का. मग आमी सगळे मिळून फळ्यावर बघत बसलो. अर्धा तास.”

आईनं पेढा माझ्या तोंडापुढे धरला. तीन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. “घ्या,” एवढंच म्हणाली. मग पदरानं माझ्या हनुवटीला लागलेला पेढ्याचा चुरा पुसला, घरच्या पोराचं तोंड पुसावं तसा.

गेल्या हिवाळ्यात त्या संस्थेनं बाहेरच्या लोकांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं होतं. आईचा फोन आला, “मॅडम, तुमी चला. मला तितलं काय कळायचं न्हाय.” आम्ही दोघी गेलो. गेटवर मुलगी उभीच होती, गळ्यात ओळखपत्र. आत झाडं होती आणि पोरं सायकलींवरून चालली होती. कळंबच्या त्या प्रयोगशाळेतला गुलाबी थेंब मला क्षणभर आठवला.

तिची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. दारात आईनं चपला काढल्या. नको, नको म्हटलं तरी काढल्याच. आत काळोख केलेला, एका जड टेबलावर आरसे आणि भिंगं मांडलेली, आणि त्यांच्यामधून हिरव्या प्रकाशाची एक बारीक रेघ इकडून तिकडे वळत गेलेली. मुलगी कुजबुजत्या आवाजात सांगत होती, जणू कुणी झोपलंय तिथे. मी ऐकत होते. थोडं समजत होतं, थोडं नव्हतं. तिच्या मार्गदर्शक बाई आल्या, त्यांनी हात जोडले. आईनं त्यांना मराठीत विचारलं, “ही येळेवर जेवती का?” त्या दक्षिणेकडच्या होत्या. मुलीनं लाजत भाषांतर केलं. बाई मान हलवून म्हणाल्या, नाही. तशी आई एकदम मोकळी झाली आणि पिशवीतून भाकरीचं गाठोडं काढून तिनं त्यांच्याच हातात दिलं.

परतीच्या एसटीत आम्हाला खिडकीकडच्या जागा मिळाल्या. दौंड मागे पडलं, ऊन तिरकं झालं. बारामतीची गाडी धरायला मी भिगवणला उतरणार होते, आई पुढे जाणार होती. डाव्या हाताला धरणाचा फुगवटा दिसायला लागला. लांबवर, उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची एक फिकट रांग होती, हललीच नाही तर दिसणारही नाही अशी. आईला दाखवावं म्हणून वळले तर ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, डोकं माझ्या खांद्यावर, ओटीत रिकामी पिशवी नीट चौघडी घालून ठेवलेली. कंडक्टर भिगवणचा पुकारा करत आला. मी त्याला बोटानं गप्प केलं आणि तिचं डोकं अलगद खिडकीला टेकवलं. खाली उतरून उभी राहिले. गाडी हलली, इंदापूरच्या रस्त्याला लागली आणि काचेतला तिचा चेहरा पाण्यावरच्या उजेडात जरा वेळ दिसत राहिला.